मावशींची जास्तीची वीज

विजेचं बिल कमी व्हावं म्हणून छतावर सोलर बसवतेय, असं मावशींनी मुलीला फोनवर ठासून सांगितलं. एकट्या बाईचं बिल ते केवढं! पण मुलगी लांब राहायची, तिनेही फार खोदून विचारलं नाही. पोटातली गोष्ट वेगळीच होती. मागे ट्रान्सफॉर्मर जळला तेव्हा अख्खी गल्ली कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे, जनरेटरवरच्या पंख्याखाली जाऊन बसली होती. मावशीही गेल्या, पण कोणी सरकून जागा दिली नाही, तेव्हा उभ्याउभ्याच परत आल्या. पुढच्या वेळी गल्ली माझ्याकडे बसेल, हे त्यांनी त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं.

वीज कंपनीची मंजुरी आली, येणारी-जाणारी वीज मोजणारा नवा मीटर लागला आणि मावशींना आभाळ ठेंगणं झालं. भाजीवाल्यापासून शेजारच्या सूनबाईपर्यंत सगळ्यांना आमंत्रण गेलं, "लाइट गेली की सरळ माझ्याकडे या. लाजू नका." जास्तीच्या खुर्च्याही आल्या.

लाइट गेली ती भर दुपारी, ऊन रणरणत असताना. गल्ली आली, अगदी डॉक्टरसुद्धा आले. मावशींनी ऐटीत पंख्याचं बटण दाबलं. पंखा ढिम्म. पुन्हा दाबलं, मग दिव्याचं दाबलं, मग सगळीच दाबून पाहिली.

"काय मावशी, तुमचा सूर्य सुट्टीवर गेला की काय?" डॉक्टर म्हणाले. सगळे हसले, मावशीही हसल्या. तसं वाईट कोणीच नव्हतं. पाणी प्यायले आणि एकेक करून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सोलर बसवणाऱ्याला बोलावून मावशींनी चांगलंच फैलावर घेतलं.

"मावशी, लाइन बंद पडली की आपलं मशीनही आपोआप बंद होतं. मुद्दामच तसं असतं. नाहीतर तुमची वीज बाहेरच्या तारेत जाईल आणि खांबावर चढलेला माणूस हकनाक मरेल. बॅटरीवालं वेगळं येतं, ते आपण घेतलं नाही."

कोणाच्या जिवावर थोडंच उठायचं होतं त्यांना!

"म्हणजे सगळ्यांची गेली की माझीही जाणार."

"हो."

"आणि सगळ्यांची असते तेव्हा माझ्याकडे कोण कशाला येईल?"

तो चुळबुळत म्हणाला, "पण तुमची जास्तीची वीज वाया नाही हो जात. आधी शेजारीच जाते. त्यांचा टीव्ही दुपारचा तुमच्यावरच चालतो म्हणा ना."

तो गेला. दुपारची जेवणं आटोपल्यावर भिंतीपलीकडे टीव्ही लागला आणि सूनबाई खळखळून हसली. मावशी ऐकत बसल्या. इतकं एकटं त्यांना नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. मग त्या उठल्या आणि त्यांनी आपला पंखा बंद केला, तेवढीच थोडी जास्त पलीकडे जाईल म्हणून.