काळ्या रंगाचा पाइप

शकुनबाईनं कमलेशच्या गाडीतल्या काळ्या पाइपावर विळ्याची मूठ हाणली. लोखंड खणखणलं असतं, हा नुसता ठप्प वाजला. तिनं विळ्याच्या टोकानं खरवडलं, तर रंगाखाली पांढरं प्लास्टिक निघालं. सकाळी ती वांग्यांना पाणी द्यायला वावरात गेली, तेव्हा विहिरीवरचा पाइप जागेवर नव्हता. चोराच्या सात पिढ्या उद्धरत ती गावात आली होती, आणि चोर घरचाच निघाला.

एकोडीच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, यंदाही धान कापलेल्या बांध्यांमधून जुन्या मोटारींची शर्यत होती. गेल्या साली मनिषची गाडी दोन बांध्यांमधल्या उंच धुऱ्यावरून उडून उलटली, टप त्याच्या मानेवर बसला. ते पोरगं अजून खाटेवरच आहे. तेव्हापासून नियम झाला, की आत लोखंडी पाइपांचा सांगाडा नसेल तर गाडी शर्यतीत नाही.

“हे लोखंड हाये का रे?”

“माय, हळू बोल ना!” कमलेशनं इकडंतिकडं पाहिलं. “लोखंडाचा सांगाडा या गाडीपेक्षा महाग पडते. पैसेवाल्याईच्याच पोट्ट्याईनं गाड्या पळवाव्या, अन् आमी का टाळ्या वाजवाव्या?”

पोराचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तर तिचं डोकं आणखी तापलं. ती तरातरा मांडवात शिरली. मंडळाचा अध्यक्ष टेकचंद माइकवर फुंकर मारून पाहत होता.

“तुले माईत होतं ना, टेकचंद?”

टेकचंदनं माइक बंद केला. “काकू, लोखंडावर अडून बसलो तं तीनच गाड्या उरतेत. लोक काय पायतीन? म्हून जरा कानाडोळा केला.”

“गाडी स्वस्त पायजे तं इंजिन लहान ठेवा, धुरे सपाट करा. पोट्ट्याचं डोक्सं कायले स्वस्त करता?”

“पुढच्या साली पाहू, काकू.”

मनिषच्या आईलाही हा माणूस ‘पाहू’च म्हणाला होता. शकुनबाईनं त्याला तोंडभर शिवी दिली आणि ती माघारी वळली.

गाड्या रांगेत लागल्या होत्या. तिनं पदर कमरेला खोचला, कमलेशच्या गाडीचं दार उघडलं आणि आत शिरली. वजन कमी करायला बाजूची सीट काढून टाकलेली होती. ती तशीच पत्र्यावर बसली.

“माय, पागल झाली का? उतर!”

“कायले? सांगाडा हाये ना. चालव.”

“अन् उलटली तं?”

“तेच इचारून राहिली मी.”

शिटी वाजली. बाकीच्या गाड्या धूळ उडवत सुसाट सुटल्या. गाडी मागं घ्यावी, तर सगळी मंडई पाहत होती. कमलेशनं पहिला गिअर टाकला आणि गाडी बैलबंडीच्या चालीनं निघाली. लोक हसले, कुणी आरोळ्या ठोकल्या. त्याचे कान लाल झाले, पण पाय काही दाबला गेला नाही.

पहिला धुरा आला. कमलेशनं गाडी जवळजवळ थांबवली. चाक चढायच्या आधी त्यानं डावा हात स्टिअरिंगवरून काढला आणि आईच्या छातीपुढं आडवा धरला.

गाडी धुऱ्यापलीकडं उतरली, सपाट बांधीत आली, तरी त्याला तो हात काढवेना.