कायद्याच्या कपाटातला दख्खन ट्रॅप

आमच्या फुलंब्रीत 'ट्रॅप' हा शब्द शेंबड्या पोरालाही कळतो. अमका तलाठी ट्रॅप झाला, तमका ग्रामसेवक ट्रॅप झाला. लाचलुचपतवाले पावडर लावलेल्या नोटा देऊन माणूस पाठवतात, साहेबाचा हात लागला की झडप. दुसऱ्या दिवशी पेपरात चौकोनी बातमी येते आणि टपरीवर चहाबरोबर दिवसभर पुरते. आठ महिन्यांपूर्वी ती बातमी माझ्या वडिलांची होती. बद्रीनाथ आप्पासाहेब, आमचे अण्णा, भूकरमापक. म्हणजे लोकांच्या शेतांची मोजणी करून हद्दीच्या खुणा दाखवणारा सरकारी माणूस.

मी मोनिका. शहरात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज एस.टी.नं जाऊन येऊन करते. स्वभावानं तिखट आहे असं आई म्हणते, आणि ते खोटं नाही. अण्णांनी घरी सांगितलं होतं, "मोजणीचा अर्ज केलेल्या शेतकऱ्यानं नोटा माझ्या खिशात कोंबल्या. मी काढाया गेलो, म्हनून हाताला पावडर लागली." माझा त्यावर विश्वास बसला. किती, तर बसमध्ये एक बाई शेजारणीला "त्यांचीच पोरगी" असं कुजबुजली तेव्हा मी सावंगीपासून हर्सूलपर्यंत तिची अशी हजेरी घेतली की बाई तिच्या थांब्याच्या आधीच उतरून गेली.

अण्णा निलंबित झाले ते मागच्या खोलीत जाऊन बसले. जेवायला हाक मारली की यायचे, पुन्हा आत. विभागीय चौकशी लागली होती आणि त्यात लेखी म्हणणं द्यायचं होतं. ते मी लिहिणार, असं मीच जाहीर केलं होतं. नोकरीची दोन वर्षं उरलेली, पेन्शन टांगणीला. पण खरं सांगायचं तर मला पेन्शनचं एवढं नव्हतं. माझा बाप चोर नाही, हे मला कागदावर शिक्क्यासकट हवं होतं.

म्हणून मी कॉलेजच्या ग्रंथालयात गेले आणि संगणकावर 'ट्रॅप' असं टाकलं. एकच नोंद आली. 'दख्खन ट्रॅप. विभाग : विधी.' मला इतका आनंद झाला! दख्खनमधल्या सगळ्या ट्रॅपचे खटले एका जागी, म्हणजे मराठवाड्यातला एकही निकाल सुटलेला नसणार. ग्रंथपाल सुलेखा मॅडमनी शेवटच्या कपाटातून ते काढून दिलं. दोन विटांएवढं जाड, काळ्या कापडाची बांधणी. मी उघडलं तर ना कलम, ना निकाल. डोंगर मधोमध कापून दाखवल्यासारखं चित्र, आणि त्यात एकावर एक आडवे पट्टे.

"मॅडम, हे दगडांचं आहे."

"दगडांचंच आहे गं," त्या चष्मा कपाळावर सरकवत म्हणाल्या. "माझ्या आधी जे क्लार्क होते, त्यांनी नाव वाचलं आणि टाकलं कायद्यात. त्या साली त्यांचा मेहुणा ट्रॅप झालता. डोक्यात तेच. नोंद बदला म्हणून मी तीनदा अर्ज दिला, कोण ऐकतंय? ठेव तिथंच."

मी ठेवायलाच निघाले होते. पण चित्राखाली ओळ होती: ट्रॅप हा शब्द दूर उत्तरेकडच्या एका बर्फाळ देशातल्या 'ट्रप्पा' या शब्दावरून आला, त्याचा अर्थ जिना, पायऱ्या. इथले डोंगर लांबून पायऱ्यांसारखे दिसतात म्हणून. इतके महिने जो शब्द आमच्या घरात शिवीसारखा टोचत होता, त्याचा अर्थ जिना? मी कपाटाला टेकून उभ्या उभ्या पुढचं पान वाचलं, मग त्याच्या पुढचं, आणि मग खालीच बसले.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन फाटली आणि तापलेला रस वर आला. डोंगराच्या टोकावरून नाही, लांबच लांब भेगांतून. पसरला, थिजला. मग शांतता. मग पुन्हा रस, पुन्हा शांतता. असे थरावर थर. मी ज्या फरशीवर बसले होते ती, भिंतीचा दगड, शहराच्या जुन्या दरवाजांचा दगड, आमच्या विहिरीचा, आईच्या पाट्यावरवंट्याचा, सगळा तोच थिजलेला रस. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी हळूच फरशीवर तळहात ठेवला. ती गार होती, आणि ती कधीतरी वितळलेली होती हे मला त्या दिवसापर्यंत कुणीही सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मला वेडच लागलं. अण्णांचं म्हणणं लिहायला म्हणून जायचे आणि भलत्याच कपाटात शिरायचे. त्या काळ्या पुस्तकात लेण्यांचा उल्लेख आला, म्हणून कलेतिहासाकडे गेले. तिथं कळलं की लेणी कोरणारे आधी एकसंध थर निवडायचे, कच्चा पट्टा टाळायचे. कुठलीही शाळा न शिकता ते लोक दगड वाचत होते. भिंतीवरच्या चित्रांखालच्या लिंपणाची माहिती रसायनशास्त्राच्या कपाटात मिळाली. त्यात तूस होतं, गवताचे धागे होते. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी शेतातलं धान्य कांडलं गेलं आणि त्याचं तूस आजही अजिंठ्याच्या भिंतीत आहे. ते तूस कुठल्या वाणाचं हे विचारायला वनस्पतिशास्त्राकडे. तिथल्या एका पुस्तकानं आमच्या काळ्या मातीकडे ढकललं, की ही माती म्हणजे तोच दगड, उन्हापावसानं कुजलेला. मातीवरून पाणी, पाण्यावरून शहराखालून नळांतून पाणी नेणारी जुनी नहर, तिच्यासाठी इतिहास, आणि इतिहासाच्या पुस्तकात एक फारसी कागद, तो वाचायला कोश.

एकेका माणसानं एकेका गोष्टीवर आयुष्य घालवलं होतं. कुणी तीस वर्षं फक्त दगडाच्या पोकळीतले स्फटिक बघितले, कुणी फक्त पाण्याच्या नळांचा उतार मोजला. हे लोक एकमेकांना कधी भेटलेही नसतील. आणि सगळे मिळून मी रोज ज्यावरून चालते त्याच जमिनीबद्दल बोलत होते. मला रडू यायचं, खरंच. मग कायद्याच्या कपाटात येऊन मी जमीन महसुलाच्या कायद्यात 'जमीन' शब्दाची व्याख्या काढली. जमिनीपासून मिळणारे लाभ आणि जमिनीला जखडलेल्या वस्तू. बस्स. मला एकटीलाच हसू फुटलं.

"परीक्षा कायद्याचीच आहे ना तुझी?" सुलेखा मॅडमनी एकदा विचारलं.

"हो."

"नाय, म्हणजे मी आपलं विचारलं." आणि त्यांनी माझ्यासमोर नकाशांची आणखी एक घडी आणून ठेवली.

म्हणणं द्यायला आठ दिवस उरले तेव्हा मात्र मी घाबरले. मसुदा लिहून काढला. 'अर्जदाराने नोटा जबरदस्तीने खिशात कोंबल्या', सगळा डोलारा या वाक्यावर. तो अण्णांना वाचून दाखवायचा होता. जाताना मॅडमनी ते काळं पुस्तक त्यांच्या स्वतःच्या कार्डावर मला दिलं. एरवी संदर्भाचं पुस्तक बाहेर देत नाहीत. "वडील मोजणीत आहेत म्हणतेस ना? त्यांना दाखव," एवढंच म्हणाल्या.

अण्णांनी मसुदा ऐकला, मान हलवली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले. मी रागारागानं पुस्तक त्यांच्या पुढ्यात आपटलं आणि स्वयंपाकघरात गेले. अर्ध्या तासानं आईनं, द्वारकाबाईंनी, मला खुणेनं बोलावलं. अण्णा खिडकीशी उजेडात पुस्तक धरून, बोट फिरवत वाचत होते. जेवायची हाक मारली तर "थांब जरा" म्हणाले. आठ महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा कशाला तरी थांब म्हटलं होतं. आई पदर तोंडाला लावून माझ्याकडे बघत राहिली.

तीन दिवस ते वाचत होते. चौथ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले.

"मोने, चल. चौक्याच्या घाटात जाऊ."

"कशाला?"

"त्या पुस्तकात तांबडा पट्टा लिवलाय. बगायचाय."

मोटारसायकलवरून गेलो. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय, तिथून मी रोज दोनदा जाते, बहुतेक वेळा पेंगत. अण्णांनी गाडी कडेला लावली. आणि तो होता. खाली काळा कातळ, वर काळा कातळ, आणि मधोमध विटेच्या रंगाचा आडवा पट्टा, लांबवर सरळ गेलेला. पुस्तकात होतं की एक रस थिजून गेल्यावर पुढचा येईपर्यंत हजारो वर्षं जायची. तेवढ्या काळात वरचा दगड झिजून माती व्हायची, काही उगवायचंही. मग नवा रस येऊन ती माती भाजून काढायचा. तोच हा पट्टा.

अण्णांनी त्यावर वीत ठेवली. दोन विती आणि चार बोटं भरला.

"दोन वितीत किती वर्षं, मोने?"

"हजारो. नक्की सांगता येत नाही म्हणतात."

"आन् ही कुणाची माती व्हती? कुणाचा बांध? कुणाची हद्द?" त्यांनी पट्ट्यावरून तळहात फिरवला. "पस्तीस वर्षं मी जमीन मोजली गं. वरचं कातडंच मोजलं. हे पुस्तक लिवनाऱ्या मान्सानं बग, त्याला कोन इचारनार व्हतं? कोन तपासनार व्हतं? तरी जे म्हाईत नाय ते नाय म्हनून लिवलं. पानापानावर. हे नक्की, हे नक्की नाय. लई खरं पुस्तक हाय."

मी आनंदात होते. अण्णा बोलत होते, आणि तेही मला जे वाटलं होतं तेच. डोंगराकडे बघत आम्ही दोघं बापलेक इतके लहान झालो होतो की त्यात सुख होतं. मी त्यांच्या शेजारी कातळाला हात लावून उभी राहिले. वरून ट्रक जात होते, त्याची थरथर दगडातून हाताला कळत होती.

"त्यानं कोंबल्या नव्हत्या," अण्णा म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"नोटा. त्यानं खिशात कोंबल्या नव्हत्या. मी हात पुढं केलता."

"अण्णा..."

"आन् मागितल्या बी मीच. त्याची हद्द बराबर व्हती. चुकीची मोजायला नाय मागितल्या मी. बराबर मोजायलाच मागितल्या." ते पट्ट्याकडेच बघत होते. "तू लिवलेलं वाचून दाखवलंस तवा वाटलं, खपून जाईल. पर मग हे वाचत बसलो. नाय जमत मोने."

मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहिणार नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसानं गाडी हळू केली इतका माझा आवाज चढला होता. आठ महिने मी तुमच्यासाठी लोकांशी भांडले, म्हटलं. आईनं माहेरी जायचं सोडलं, म्हटलं. अण्णांनी एकही शब्द खोडून काढला नाही. मान खाली घालून उभे होते, आणि मला त्यांची इतकी चीड आली होती, आणि चीड आलेली असतानाच हेही कळत होतं की हे त्यांना कुणीही सांगायला लावलं नव्हतं. पुरावा काढायला कुणी वकील नव्हता. ते खोटं टिकलंही असतं. माझा मसुदा चांगला होता.

शेवटी माझा आवाज बसला. मी पर्समधून मसुद्याचे कागद काढले, फाडले, आणि फाडलेले तुकडे तिथं टाकवेनात म्हणून मुठीत धरून राहिले.

"खोटं मी लिहिणार नाही," मी म्हटलं.

"नको लिवू."

"नोकरी जाईल."

"जाईल."

"पेन्शन, अब्रू, सगळं."

"व्हय." मग त्यांनी विचारलं, "तू येशील का? चौकशीला. मला एकट्याला बोलायला जमायचं नाय."

बाप म्हणून त्यांनी माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर मी रडले असते आणि मला अजून चिडायचं होतं.

"येईन," मी म्हटलं. "पण आधी घरी चला. आईला तुम्हीच सांगायचं. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही."

अण्णांनी गाडीला किक मारली. ती पहिल्यांदा बसली नाही. दुसऱ्यांदा मारताना त्यांचा पाय किकवरून घसरला, तेव्हा मी त्यांना मागे बसायला सांगितलं आणि गाडी मी चालवली.