समासातले नाव

मित्रांनो, मी दोनशे पानांची एक जुनी वही आहे. पूर्वीच्या ख्रिस्ती भक्तांची चरित्रे सुशीलाबाई माझ्यात लिहीत आणि प्रत्येकाखाली त्यावरून सुचलेली प्रार्थना. दर गुरुवारी त्यांच्या घरी महिला मंडळात माझे एक पान वाचले जाई.

मंडळाची एक रीत होती. जिला एखाद्या भक्ताचे दुःख आपले वाटे, ती त्याच्या पानाच्या समासात पेन्सिलीने आपल्या माणसाचे नाव लिही, कधी त्याच्यासाठी एखादी ओळही. ते कुणी मोठ्याने वाचत नसे.

मोनिका नावाच्या आईने भरकटलेल्या मुलासाठी वर्षानुवर्षे प्रार्थना केली. तिच्या पानाच्या समासात सुशीलाबाईंनी लिहिले होते, "शुभंकर, चूक माझी होती. घरी ये."

शुभंकर त्यांचा मुलगा. संगणक कंपनीत लागल्यावर कामापायी त्याची रविवारची उपासना चुकू लागली. बाई त्याला चर्चमधल्या मंडळीसमोर नको ते बोलल्या. तो कर्वेनगरला वेगळा राहू लागला. तीन वर्षे फिरकला नाही.

१९९८ साली मंडळाने माझी पुस्तिका काढली. नारायण पेठेत छपाईचे काम करणाऱ्या सोनालीने मला संगणकावर उतरवले. तिला आमची रीत ठाऊक नव्हती. तिने समासही छापला.

"अहो, हे गाळायचं होतं," बाई म्हणाल्या.

"मग तसं सांगायचं होतं. वहीत होतं ते छापलं."

मंडळातल्या कांताबाईंनी पुस्तिका उघडून कपाळाला हात लावला. "संपत्ती सोडणाऱ्या फ्रान्सिसच्या पानावर माझ्या जावयांचं नाव. आता त्यांना छापलेलं वाचून कळेल, मी त्यांना किती लोभी समजते ते. सुशीलाबाई, तीनशे प्रती आहेत. सगळ्या नावांवर कागद चिकटवू."

बाईंनी माझे मोनिकाचे पान उघडले. "तुमच्या नावांवर चिकटवा. माझं राहू दे."

एक प्रत त्यांनी स्वतः कर्वेनगरच्या पत्त्यावर टपालात टाकली.

पुढच्या आठवड्यात शुभंकर दारात उभा राहिला. "बोललीस चारचौघांत, आणि माफी तीनशे जणांत?"

"छापल्यात तीनशे. वाचणारे तीस असतील. आत ये."

त्या दिवशी बाईंनी माझ्यातली ती ओळ खोडली नाही. तिच्यापुढे फक्त तारीख घातली.

आता सगळे पुस्तिकाच वाचतात. मी कपाटात असते. माझ्यातली पेन्सिलीची अक्षरे पुसट होत चालली आहेत. मित्रांनो, घरातली जुनी वही रद्दीत घालण्याआधी एकदा चाळा. कुणाला सांगायचे राहून गेलेले काही तिच्यात असेल, तर ते त्या माणसापर्यंत पोचवा. लिहिणारा आणि तो, दोघेही हयात आहेत तोवर.