सिस्टरच्या नावावरची नोंद

अख्ख्या हॉस्पिटलात माझ्याशी बोलणारं माणूस एकच, तिसऱ्या मजल्यावरची सिस्टर. बाकीच्यांसाठी मी नुसता 'कॉम्प्युटरवाले', काही बंद पडलं की आठवणारा. सिस्टर मात्र येता-जाता दारातून डोकावून विचारायची, "जेवलात का?" घरी हे विचारणारं कोणी उरलेलं नाही, त्यामुळे तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. हसा खुशाल.

आणि नेमकं तिलाच घरी बसवलं. एका आजोबांचं हृदयाचं औषध परस्पर बंद झालं, ते आयसीयूत गेले, आणि औषध बंद केल्याच्या नोंदीत नाव सिस्टरचं. "मी हातसुद्धा लावला नाही हो," ती रडून सांगत होती. मॅनेजरनं मला विचारलं. मी ऐटीत म्हणालो, "नोंद चुकत नाही."

पण मन खायला लागलं. चौथ्या दिवशी कोड उघडला. औषधांच्या नोंदी ठेवणारा, जावा भाषेतला तो प्रोग्राम माझाच. लॉगिन केलेल्या माणसाचं नाव स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत, प्रोग्रामच्या एका थरातून दुसऱ्या थरात हातोहात द्यावं लागायचं. मला त्याचा भारी कंटाळा. म्हणून शक्कल लढवली: सर्व्हरवर एकेक काम उचलणारे थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचे हमालच, असतात, त्यांच्याच खिशात नाव ठेवायचं, ज्या थराला लागेल त्यानं काढून बघावं. काम संपलं की खिसा रिकामा करायचा. नेमकी ती एक ओळ मी लिहिलीच नव्हती! सिस्टरचं काम संपलं, नाव खिशात राहिलं. मुदत संपलेली औषधं आपोआप बंद करायचं पुढचं काम त्याच थ्रेडनं उचललं. त्या कामाला लॉगिन नसतंच, म्हणून खिशात नवं नाव आलं नाही. आजोबांच्या औषधाची मुदत वाढवायची डॉक्टरांकडून राहिली होती. औषध बंद झालं आणि नोंदीवर खिशातलं नाव चढलं.

मॅनेजर म्हणाला, "गुपचूप ती ओळ घाला. सिस्टरला उद्या बोलावून घेऊ. कारण कशाला सांगत बसायचं?"

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी? चूक माझी, असं मी लेखी देतो." आणि दिलं. त्यात काही शौर्य नव्हतं, लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आली. चार दिवसांत चेहरा पार उतरला होता. मी माफी मागायला लागलो, तर तिनं हातानंच थांबवलं.

"ते राहू द्या. लेकीला फोन लावा माझ्या. परगावी असते, माझा नंबर बघून उचलत नाही. म्हणते, आई, कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?"

मी माझ्या फोनवरून नंबर लावला. पोरीनं उचलला. मी सगळं सांगितलं, चूक माझी, आईची नाही. मग म्हणाली, "आईला द्या ना."

फोन सिस्टरच्या हातात देऊन मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. आत दोघींचं रडणं, बोलणं चाललं होतं. अर्धा तास झाला, पाऊण झाला. फोन मागायचा धीर होईना, आणि घाई तरी कसली? मला कोणाचा येणार होता?