अस्तरावरचा पासवर्ड

‘पासवर्ड कागदावर लिहायचा नाही,’ असं मीच ह्यांना बजावलं होतं. म्हणून ह्यांनी तो एका गिऱ्हाइकाच्या शिवायला घेतलेल्या कोटाच्या अस्तरावर लिहिला, खडूनं. आणि सकाळी मी त्याच अस्तरावर वाफेची इस्त्री फिरवली.

जन्मभर शिंपीकाम केलेल्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय! गिऱ्हाइकांची मापं ठेवायच्या आमच्या टेलरिंगच्या ऑनलाइन खात्याला आधी दुकानाचं नाव आणि एक-दोन-तीन एवढाच पासवर्ड होता. तेवढाही अधूनमधून ह्यांच्या डोक्यातून जायचा. गेल्या आठवड्यात कुणीतरी तो ओळखून आत शिरलं, तेव्हा आम्ही दोघांनी बसून सोळा अक्षरांचा नवा केला. इतका पक्का, की आता आम्हालाच दार बंद.

खात्यात बँडवाल्यांच्या चौदा कोटांची मापं. बँड परगावी, परवा परतून थेट कार्यक्रमाला उभा राहणार. आज कापड बेतलं नाही, तर कोटही गेले आणि आमचं नावही.

ह्यांनी दोनदा अंदाजानं टाइप केलं. चूक. आणखी एकदा चुकलं तर खातं दोन दिवस बंद. हे कात्री उचलत, ठेवत, दारापर्यंत जाऊन परत येत.

शेवटी ‘पासवर्ड विसरलात?’ यावर मीच बोट ठेवलं. एका फोनवर कोड पाठवला म्हणे, शेवटचे आकडे चार-सात. तो नंबर आमच्यापैकी कुणाचाच नव्हता.

“कुणाचा हो हा?”

हे टेप गुंडाळू लागले, आणि मला कळलं. खातं उघडलं तेव्हा दुकान दोघा भावांचं होतं. पुढे पाटीवर कुणाचं नाव आधी, यावरून वाजलं आणि धाकटे भाऊजी वेगळे झाले. सहा वर्षं बोलणं नाही.

“मी नाही करणार फोन.”

“मग बँडला बनियनवर वाजवायला सांगा,” म्हणत मीच लावला, स्पीकरवर.

पहिल्याच रिंगला उचलला. “वहिनी? कोड हवाय ना?” भाऊजींनी सहा आकडे सांगितले. मी भराभरा टाइप केले. मापं उघडली.

“मधूनमधून येतात हे कोड,” भाऊजी म्हणाले. “दादा पासवर्ड विसरला की मला कळतं. मी फोन हातात धरून बसतो. नंतर त्याला आठवत असेल. फोन येतच नाही.”

ह्यांनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला.

“चौदा कोट आहेत,” हे म्हणाले. “कापायला येतोस?”