पाटावरची मोटार

संपात गिरणी गेली आणि सहदेवच्या हातांचं कामच गेलं. आता तो अंधेरीला एका कंपनीच्या दारावर बसायचा. आयुष्यभर माग दुरुस्त केलेल्या फिटरने येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकायचा, याला काम म्हणायचं असेल तर म्हणा बापडे! बायको विमला मागे लागली होती, काहीतरी छंद धरा. शेजारच्या अंबादासने त्याला भजनाला नेलं, तर हा भजन सोडून पेटीचा भाता कुठे फाटलाय ते बघत बसला.

अशात बोटीवर नोकरीला असलेला विमलाचा भाऊ श्यामकांत सुट्टीत त्यांच्याकडे मालाडला आला. येताना त्याने रिमोटवर चालणाऱ्या दोन मोटारी आणल्या होत्या.

"भावोजी, यातली एक तुमची. निवडा."

एक लालभडक, दिवे लागणारी. दुसरी अगदीच हडकुळी, स्प्रिंगा बाहेर, स्क्रू उघडे. सहदेवने लाल मोटार उलटी केली. पोट गुळगुळीत, बंद. मग दुसरी उलटी केली आणि तिच्यावरून त्याची नजर हलेना.

"हीच."

"अहो, ती लाल किती झकास आसा!" विमला म्हणाली.

"ती उघडत नाय गो."

"दारा उघडतत की!"

"दारांचा काय करू? माका आतला बघूक होया."

पण बघायला घेतलं मात्र नाही. संध्याकाळी चाळीच्या अंगणात तो मोटार फिरवायचा, लोक हसायचे, अंबादास म्हातारचळ म्हणायचा. सहदेवच्या डोक्यात एकच भुंगा: ना पट्टा, ना तार, मग हुकूम पोचतो कसा? स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा आणि खाली ठेवायचा. परदेशी वस्तू, बिघडली तर? इतक्या वर्षांत हात विसरले असतील तर? ही भीती त्याने विमलालाही सांगितली नव्हती.

दसरा उजाडला. गिरणीत हा त्याचा मोठा सण. प्रत्येक मागाला झेंडूचा हार, नारळ, पेढे. गिरणी सुटल्यापासून घरच्या पाटावर विळी आणि कात्रीच तेवढी असायची. यंदा विमलाने त्यांच्याशेजारी मोटार मांडली, तिला हळदकुंकू लावलं, हार घातला. सहदेवला भरून आलं. त्या भरात त्याने नारळ फोडला आणि मागावर ओतायचा तसं सगळं पाणी मोटारीवर ओतलं.

लोखंडी मागाने ते पचवलं असतं. मोटार थरथरली, हारासकट स्वतःभोवती गरकन फिरली आणि गप्प झाली.

"वाट लावलास ना!" विमला कपाळाला हात लावून म्हणाली.

सहदेवने आधी बॅटरी काढली. मग स्क्रूड्रायव्हर घेतला. आता घाबरायला उरलं होतंच काय? एकेक स्क्रू निघत गेला आणि आतली हिरवी पट्टी, बारीक तारा, दातेरी चाकं दिसू लागली. त्याने फडक्याने पाणी टिपलं, एका तारेचा माग काढत डोकं आत घातलं आणि सणाचं जेवण विसरला. हात काही विसरले नव्हते.

खालून अंबादासने हाक मारली. "सहदेवा, सोना वाटूक येतंस मां?"

विमला खिडकीशी गेली.

"आत्ता येवचे नाय," ती म्हणाली. "मशीनवर असत."

सहदेवचा हात क्षणभर थांबला. त्याने बाहीने डोळे पुसले आणि पुढचा स्क्रू काढायला घेतला.