गाळकऱ्यांची बाजू

औरंगपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली होती. दर रविवारी तिथं दहा-बारा माणसं जमायची, टेबलावर नकाशा पसरायची आणि फासे टाकत दिवसभर लढायची. हा लढाईचा खेळ संघपाल आणि तनुजानं मिळून रचला होता. तो विमा कंपनीत नोकरीला, ती कॉलेजात गणित शिकवायची. पहिल्या आवृत्तीच्या नियमपुस्तकात त्यांनी गडावरच्या किल्लेदारांना अकरा पानं दिली, रानातल्या धनुर्धरांना नऊ आणि दलदलीतल्या गाळकऱ्यांना अर्धं. गाळकऱ्यांना सेनापतीच नव्हता. कुणीही त्यांना आपल्या फौजेपुढं ढकलायचं, म्हणजे समोरच्याचे बाण त्यांच्यावरच खर्ची पडायचे.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी तनुजा म्हणाली, "त्यांना काढूनच टाकू. कुणी घेतच नाही."

संघपालला ते पटलं. घरी येऊन त्यानं आईला सांगितलं, की आता गाळकरी रंगवू नकोस. मुक्ताबाई अंगणवाडीतून निवृत्त झाल्या होत्या आणि प्लास्टरच्या सगळ्या बाहुल्या त्याच रंगवायच्या. चाळीस गाळकरी त्यांनी रंगवून ठेवले होते, एकासारखा दुसरा नव्हता. एकाच्या डोक्यावर पाटी होती, एकीच्या पाठीला लेकरू.

"का रं, काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही कामाचे नाहीत."

"ह्यांचं गाव कुठंय?"

"दलदलीत."

"ते कळलं. गावाला नाव आसंल ना? चूल कुठं पेटवतेत? जळण वलं होत नाय का?"

संघपाल हसला. मुक्ताबाई मात्र ब्रश धुता धुता बोलत राहिल्या. "पिशोरला आपलं घर वढ्याच्या पल्याड होतं, गावाबाहेर. एरवी कोणी तिकडं फिरकायचं नाय. पाणी चढलं की मंग आमालाच हाका. उतार कुठंय, ते आमालाच ठावं ना."

त्या रात्री संघपाल जेवलाही नाही. वही काढून बसला आणि गाळकऱ्यांची तीन गावं नकाशावर आखली. आपण इतकी वर्षं आईच्याच माणसांना अर्ध्या पानात बसवलं, या विचारानं त्याचे कान तापले होते. सकाळी त्यानं तनुजाला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मग त्यांना पाण्याची वाट देऊ. एका पाण्यात बुडायचं, दुसऱ्या पाण्यातून वर यायचं."

दुसरी आवृत्ती आली आणि पहिल्याच रविवारी गोंधळ झाला. लासूर स्टेशनचे अप्पाराव, बाजार समितीतून निवृत्त झालेले, पहिल्यापासून किल्लेदारच खेळत. त्यांच्या गडाभोवती खंदक होता आणि नकाशावर खंदकही निळाच. तिसऱ्याच फेरीत गाळकरी खंदकातून वर आले आणि गड पडला.

अप्पारावांनी आपली माणसं एकेक करून डब्यात भरली. "संघपाल, वाईट वाटून घेऊ नका. पण हे त्यांना न्याय देणं नाय, आम्हाला बुडवणं हाय," असं म्हणून ते निघून गेले.

पुढचे तीन रविवार ते आले नाहीत. संघपालला ते लागलं, कारण अप्पांचं म्हणणं निम्मं तरी खरं होतं. तो लासूरला जायच्या विचारात असतानाच अप्पारावांचं पाकीट आलं. आत सुवाच्य अक्षरात चार पानं होती. खंदक माणसानं खणलेला, त्यात लव्हाळं नसतं, मग लपणार कुठं? जिथं लव्हाळं असेल तिथंच वर यायचं. किल्लेदारांना लव्हाळं कापता यावं, पण त्यात त्यांची एक फेरी जावी. शेवटी लिहिलं होतं, 'गाळकऱ्यांना गड जिंकायची काय गरज? त्यांचं एक तरी गाव आठ फेऱ्या टिकलं, की ते जिंकले असं ठेवा.'

तनुजानं दोन दिवस फासे टाकून हिशेब तपासला. "एका अक्षराचाही बदल नको," ती म्हणाली.

तिसऱ्या आवृत्तीचा पहिला डाव मांडला, तेव्हा अप्पाराव हजर होते. त्यांच्यासमोर मुक्ताबाई बसल्या. त्यांनी बाहुल्या रंगवल्या होत्या, पण स्वतः त्या कधीच खेळल्या नव्हत्या. फासे टाकायच्या आधी त्या दर वेळी हात पदराला पुसत.

अप्पाराव जोरात आले. दोन गावं त्यांनी घेतली. तिसऱ्याकडं जाताना दोन ठिकाणी लव्हाळं कापण्यात त्यांच्या दोन फेऱ्या गेल्या. मुक्ताबाईंनी एकदाही चढाई केली नाही. नुसती माणसं या बेटावरून त्या बेटावर हलवत राहिल्या, लेकुरवाळी सगळ्यांच्या पुढं.

आठवी फेरी संपली. अप्पारावांनी नकाशा नीट निरखला आणि मान हलवली. "तुम्ही जिंकलात, बाई."

"व्हय का?" मुक्ताबाईंनी संघपालकडं पाहिलं. त्यानं मान डोलवली.

अप्पारावांनी घड्याळ पाहिलं. लासूरच्या गाडीला दोन तास होते. ते बाह्या वर सारत म्हणाले, "अजून एक डाव बसतो. मांडा."